जुन्या शाळेत नवं मूल: पाचवीत किंवा आठवीत येणाऱ्यांसाठी

मुंबईच्या उपनगरांतल्या जुन्या मराठी हायस्कुलांत बाहेरची मुलं मुख्यतः दोनदा येतात. चौथीपर्यंतच्या प्राथमिक शाळेतून पाचवीत, आणि पालिकेच्या सातवी-आठवीपर्यंतच्या शाळांतून आठवी-नववीत. शिवाय बदली झालेल्या, गावाहून आलेल्या किंवा इंग्रजी माध्यम सोडून मराठीत परतणाऱ्या घरांतली मुलं मधल्या कुठल्याही इयत्तेत येऊन बसतात. मी अशाच एका अनुदानित शाळेत शिकवते. वर्गातली बाकीची मुलं बालवर्गापासून एकमेकांना ओळखतात, त्यांच्या आयांचा ग्रुप कधीच तयार झालेला असतो, काहींचे तर आजोबाही याच शाळेचे. नव्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना मात्र कितीतरी गोष्टी कुणी सांगतच नाही, कारण त्या सगळ्यांना ठाऊक असतील असं शाळेने धरलेलं असतं. त्या इथे सांगते.

शाळा कुणाची, हे आधी समजून घ्या

लोकलच्या रुळांलगत वस्ती वाढत गेली तशी तिथल्या रहिवाशांनी मंडळं स्थापली, वर्गणी गोळा केली आणि शाळा उभ्या केल्या. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले आणि पुढच्याच वर्षी, १९२१ साली, पार्ल्यात त्यांच्या नावाने पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं. पु. ल. देशपांडे याच शाळेचे विद्यार्थी. पुढच्या काही दशकांत उपनगरांत ठिकठिकाणी अशा संस्था निघाल्या.

अनुदानित म्हणजे शिक्षकांचा पगार सरकारचा, इमारत आणि कारभार संस्थेचा, अभ्यासक्रम राज्याचा. काम पडलं की हे उपयोगी पडतं. वर्गातली गोष्ट वर्गशिक्षकांकडे न्यायची, तिथे सुटली नाही तर पर्यवेक्षकांकडे, मग मुख्याध्यापकांकडे. पंखे, स्वच्छतागृह, मैदान हे विषय शेवटी संस्थेकडे जातात. रजिस्टरमधली दुरुस्ती किंवा परराज्यातला दाखला असेल तर मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण निरीक्षकांकडे. इतर जिल्ह्यांत हे काम माध्यमिक शिक्षणाधिकारी बघतात. मुंबईत उत्तर, पश्चिम आणि दक्षिण अशा विभागांचे शिक्षण निरीक्षक. थेट मुख्याध्यापकांच्या दारापासून सुरुवात करणारे पालक दर जूनमध्ये भेटतात. त्यांना वर्गशिक्षकांकडेच परत पाठवलं जातं आणि त्यांची एक सुट्टी वाया जाते.

प्रवेश घेताना

वार्षिक निकाल लागला की लगेच चौकशीला जा, जूनची वाट पाहू नका. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तक, जन्मदाखला, आधार, फोटो, आणि असेल तर जातीचा दाखला. प्रत्येकाच्या दोन-तीन झेरॉक्स जवळ ठेवा. मूल जी शाळा सोडतंय तिला एक गोष्ट आवर्जून सांगा: कागदी दाखला दिलात, तसं ऑनलाइन प्रणालीतूनही मुलाचं नाव सोडा. ते राहिलं की नव्या शाळेत नाव चढत नाही. मूल वर्गात बसलेलं असतं आणि संगणकावर मात्र अजून गावच्याच शाळेत असतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यातल्या तीन गोष्टी लक्षात असू द्या. पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा आईवडिलांची मुलाखत घेता येत नाही, देणगीही मागता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, एवढ्यावरून प्रवेश अडवता येत नाही. आणि वयाचा पुरावा हाताशी नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. बांधकामावर काम करणाऱ्या किंवा अचानक मुंबईत यावं लागलेल्या घरांना हे कुणीतरी सांगायलाच हवं. तुमच्या शेजारी असं कुटुंब असेल तर त्यांच्यासोबत शाळेत जा. एकट्या गेलेल्या बाईला खिडकीवरून "दाखला आणा, मग बघू" म्हणणं सोपं असतं. सोबत कुणी असलं की तेच बोलणं वेगळ्या सुरात होतं.

कार्यालयाच्या खिडकीशी

पहिल्या महिन्यात एक काम नक्की करा. जनरल रजिस्टरमध्ये मुलाची जी नोंद झाली आहे ती कारकुनांना विनंती करून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जाडजूड, लांबट रजिस्टर असतं. एका आडव्या ओळीत मुलाचा रजिस्टर क्रमांक, पूर्ण नाव, आईचं नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि तीच पुन्हा अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख. उद्या दहावीचा फॉर्म, मार्कशीट, दाखला, सगळं याच ओळीवरून उतरणार. सामंतचं सावंत झालं असेल, आईच्या नावात वेलांटी चुकली असेल, आधारवर एक तारीख आणि इथे दुसरी असेल, तर ते आत्ताच निघू दे. मूल शाळेत शिकत असेपर्यंत अर्ज करून, पुरावा जोडून दुरुस्ती होते. शाळा सुटल्यावर तेच काम अतिशय अवघड होतं.

या रजिस्टरांची किंमत आम्हाला रोज दिसते. जुन्या शाळेच्या खिडकीशी उभी असलेली निम्मी माणसं आजच्या विद्यार्थ्यांची नसतातच. कुणी आजोबांच्या नावाचा उतारा मागायला आलेला असतो, कुणी आत्याच्या. जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. चाळ पडली, कागद भिजले, गावचं घर गेलं, तरी शाळेच्या रजिस्टरातली ती एक ओळ शिल्लक असते. म्हणून तुमच्या मुलाची ओळही बिनचूक असायला हवी.

जूनचे पहिले आठवडे

जागा कमी आणि वर्ग जास्त, म्हणून मुंबईत बहुतेक शाळा दोन अधिवेशनांत भरतात. २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत असं सरकारने सांगितल्यावर पुष्कळ शाळांनी आपली वेळापत्रकं बदलली. त्यामुळे मोठ्या भावंडाच्या वेळेवरून अंदाज बांधू नका, यंदाची वेळ विचारा.

खरेदीची घाई करू नका. गणवेशाचा एक जोड घ्या, पीटीचा कोणत्या वारी लागतो ते कळू द्या, मग दुसरा. आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तकं अनुदानित शाळेत मोफत मिळतात, तरी दरवर्षी कुणीतरी आधीच दुकानातून पूर्ण संच आणतं. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं हा नियम आहे, आणि वेळापत्रक बघून दप्तर भरलं तर तो पाळताही येतो.

मधल्या सुट्टीत आठवीपर्यंतच्या मुलांना पोषण आहार मिळतो. पाचवीपर्यंत माणशी १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवी १५० ग्रॅम तांदूळ, त्यात डाळ किंवा कडधान्य. "आमचा घरचा डबा आहे, तो ते खाणार नाही," असं काही पालक पहिल्याच दिवशी लिहून देतात. माझी कळकळीची विनंती आहे की देऊ नका. डबा असू दे, पण खिचडीसाठी ताट घेऊन रांगेत उभं राहू दे. नव्या मुलाची पहिली ओळख त्या रांगेत होते. वर्गात मुलं ठरलेल्या जागी बसतात; मधल्या सुट्टीत कुणी कुणाशेजारी बसायचं हे बाई ठरवत नाहीत.

घरून एवढं मात्र सांगून पाठवा: बाई आणि सर यांच्याइतकंच शिपाईमामांशी आणि सफाईच्या मावशींशी नीट बोलायचं. पडलं, खरचटलं, छत्री हरवली, पोटात दुखलं की नव्या मुलाला सगळ्यात आधी तेच सापडतात.

नोटीस आली की हात वर

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं हे आहे.

जुन्या शाळेत तास चालू असताना दारात शिपाईमामा येतात, हातात सूचनावही. बाई खडू ठेवतात, वही घेतात, वाचतात: "आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेसाठी इच्छुक विद्यार्थ्यांनी वर्गशिक्षकांकडे नावे द्यावीत." सही करतात, वही परत देतात. "कोण कोण?" असं विचारतात. दोन-तीन हात वर होतात, नावं लिहिली जातात, बाई पुन्हा गणिताकडे वळतात. एक मिनिटसुद्धा लागत नाही. शाळेचं नाटक, लेझीमचं पथक, हस्तलिखिताचं संपादक मंडळ, स्काऊट-गाईडचं शिबिर, खो-खोची निवड, विज्ञान प्रदर्शन, सगळ्यांची दारं अशाच मिनिटांत उघडतात.

आधीपासूनच्या मुलांना हे पाठ असतं. त्यांचे हात आपोआप वर जातात, शिक्षकांनाही त्यांचीच नावं तोंडावर असतात. नवं मूल गप्प बसतं, कारण त्याला वाटतं ही निवड वेगळी कुठेतरी होत असेल, हुशार मुलांची होत असेल, आपल्याला बोलावतील तेव्हा बघू. कुणी बोलावत नाही. वर्गात साठ मुलं असतात. शिक्षिका म्हणून सांगते, गप्प बसलेल्या मुलाला आवड आहे की नाही हे आम्हाला कळायला सहामाही उलटते.

म्हणून घरी सांगून ठेवा: पहिल्या वर्षी नोटीस आली की हात वर. येत असो वा नसो. आणि रोज संध्याकाळी "अभ्यास काय दिला?" याच्या आधी "आज नोटीस कसली आली?" हे विचारा. फलकावरची सूचना मुलं वाचत नाहीत, पण घरी रोज विचारणारं माणूस असलं की वाचायला लागतात.

वर्षाचा क्रम साधारण ठरलेला असतो, तो माहीत असला तर तयारी करता येते. आषाढीला दिंडी. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथीची भाषणं, नव्या मुलासाठी सुरुवात करायला ही उत्तम जागा, कारण भाषण पाठ करून तीन मिनिटांत संपवायचं असतं आणि श्रोते आपल्याच वर्गातले असतात. पावसाळ्यात शालेय क्रीडा स्पर्धांच्या निवडी. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे, त्यामुळे जन्मतारखेवरून कुठला संघ ते आधीच ठरतं. क्रिकेटमध्ये मुंबईच्या शाळांची जाइल्स शील्ड चौदा वर्षांखालच्यांची आणि हॅरिस शील्ड सोळा वर्षांखालच्यांची. १९८८ साली तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली ती याच हॅरिस शील्डमध्ये. नवरात्रात भोंडला: पाटावर खडूने काढलेला हत्ती, भोवती फेर, आणि खिरापत ओळखण्यासाठी उडालेला गोंधळ. भोंडल्याला नवी मुलगी फेरात उभी राहिली की तिला गाणी येत नसली तरी चालतं, दोन फेऱ्यांत येतात. डिसेंबरच्या आसपास स्नेहसंमेलन. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, त्यासाठी हस्तलिखितं आणि काव्यवाचन.

क्लासचा प्रश्न

इथे माझं मत ठाम आहे आणि अनेक पालकांना ते रुचत नाही. नव्या शाळेतल्या पहिल्या वर्षी मुलाला बाहेरच्या क्लासला घालू नका.

कारण सरळ आहे. वर सांगितलेलं सगळं शाळा सुटल्यावरच्या तासाभरात आणि शनिवारी घडतं. नाटकाची तालीम, लेझीमचा सराव, प्रदर्शनाचं मॉडेल. ज्या मुलाला सुटल्यावर पळत क्लास गाठायचा असतो ते यातलं काहीच करू शकत नाही. आठवड्यातून तीनदा "बाई, मला क्लास आहे," असं सांगून निघून जाणारं मूल हळूहळू यादीतून गळतं. मग ते पाच वर्षं शाळेत येऊन शिकतं, पण शाळेतलं कुणी त्याचं होत नाही. अभ्यास कच्चा वाटत असेल तर आधी विषयशिक्षकांना भेटा. जादा तास घेणारे शिक्षक जुन्या शाळांत आजही आहेत, त्यांना विचारावं मात्र लागतं.

"आठवीपर्यंत नापास करतच नाहीत" या भरवशावरही राहू नका. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात मूल उत्तीर्ण झालं नाही तर पुरवणी परीक्षा मिळते, आणि तीही गेली तर त्याच वर्गात थांबावं लागतं. नेमक्या याच दोन इयत्तांत नवी मुलं येतात. म्हणून घटक चाचणीचे पेपर घरी आले की नुसती सही करून परत पाठवू नका, मुलासोबत बसून बघा.

आठवीत येणाऱ्यांसाठी

आठवीत भाषेची निवड करावी लागते. पूर्ण १०० गुणांची हिंदी, पूर्ण १०० गुणांचं संस्कृत, किंवा दोन्ही ५०-५० असा संयुक्त पर्याय. कुठला पर्याय आहे हे शाळेत शिक्षक आहेत की नाहीत त्यावर ठरतं. फक्त मार्क मिळतात म्हणून संस्कृत घेतलेली मुलं रूपं पाठ करता करता कंटाळतात; ज्यांना पाठांतराची आणि भाषेची गोडी आहे त्यांनी मात्र बिनधास्त घ्यावं. आधीच्या शाळेत संस्कृतचा गंध नसेल तर संयुक्त बरा.

सेमी-इंग्रजीची तुकडी घेताना जास्त विचार करा. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. सातवीपर्यंत लसावि-मसावि म्हणणाऱ्या मुलाला अचानक सगळ्या संज्ञा नव्याने शिकाव्या लागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत बालभारतीच्या संकेतस्थळावरून सातवीचं गणिताचं इंग्रजी पुस्तक उतरवून घ्या आणि मुलाला आधीच येत असलेली उदाहरणं त्यातून सोडवू द्या. गणित ओळखीचं असलं की शब्दांची भीती लवकर जाते.

चित्रकलेची आवड असेल तर जूनमध्येच चित्रकलेच्या शिक्षकांना गाठा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासनाच्या ग्रेड परीक्षा आहेत. आठवीत पहिली, नववीत दुसरी असा क्रम जमतो, एक वर्ष हुकलं की दुसरी दहावीच्या तोंडावर येते. विज्ञानाची ओढ असलेल्यांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते: आधी लेखी, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. म्हणजे पाचवीत किंवा आठवीत आलेल्या मुलाला तयारीला बरोबर एक वर्ष मिळतं. शिष्यवृत्ती परीक्षेच्या इयत्ता सरकारने याआधी बदलल्या आहेत, तेव्हा यंदा कुठल्या वर्गाला आहे ते शाळेतूनच खात्री करून घ्या.

पावसाचे दिवस

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कितीतरी मुलं रात्रभर शाळांतच राहिली. त्या रात्री वर्गात थांबलेले शिक्षक, आजूबाजूच्या इमारतींतून आलेला चहा-पोहे, हे इथल्या जुन्या लोकांच्या अजून बोलण्यात येतं. त्यावरून पक्का करायचा नियम असा: जोरदार पाऊस सुरू असेल आणि तुम्ही ऑफिसात अडकला असाल, तर मुलाने शाळेतून निघायचं नाही. दोन फोन नंबर त्याला पाठ असावेत, मोबाइल बंद पडतो. शाळेजवळ राहणाऱ्या एका वर्गमित्राच्या घरी आधीच बोलून ठेवा आणि ते नाव वर्गशिक्षकांना लेखी द्या. दुपारच्या अधिवेशनाची सुट्टी कधी कधी सकाळी उशिरा जाहीर होते, तेव्हा निघण्यापूर्वी वर्गाचा ग्रुप बघून घ्या.

लोकलने येणाऱ्यांनी सवलतीच्या पासाचा फॉर्म जूनमध्येच कार्यालयातून घ्यावा. बेस्टच्या पासाचंही तसंच. पहिले काही दिवस मुलासोबत प्रवास करा आणि कुठल्या पुलावरून उतरायचं ते ठरवून द्या.

नववी-दहावी

इथे शाळा स्वतःच मागे लागते, तेव्हा थोडक्यात. प्रत्येक विषयाला ३५ ला उत्तीर्ण. सहाशेपैकी सर्वोत्तम पाच विषयांचे पाचशेपैकी टक्के. भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे आणि गणित-विज्ञानाचे अंतर्गत गुण प्रत्येक विषयाला वीस असतात. वह्या वेळेवर पूर्ण असल्या की ते जवळजवळ हातात असतात. बोर्डाचा फॉर्म भरला की शाळेकडे प्री-लिस्ट, म्हणजे भरलेली माहिती तपासण्यासाठीची यादी, येते. ती पालकाने स्वतः वाचून सही करावी, मुलावर सोडू नये.

इंटरमिजिएटची ग्रेड मिळालेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात: ए ला ७, बी ला ५, सी ला ३. शालेय स्पर्धांत ठरावीक पातळी गाठलेल्या खेळाडूंना क्रीडा गुणांची सवलत असते. हे गुण आपोआप लागत नाहीत. प्रमाणपत्राच्या प्रती जोडून शाळा प्रस्ताव पाठवते आणि त्याला मुदत असते. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्याच आठवड्यात प्रमाणपत्रं कार्यालयात द्या आणि मिळाल्याची पोच घ्या.